बोटांच्या टोप्या

मास्तर म्हणजे एक बाई. वय सत्तावन्न, उंची बेताची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि जीभ तिखट. सत्तावीस वर्षं तिने कातड्याचे हातमोजे शिवले. हातमोज्यात सगळ्यात अवघड काय असतं, तर बोटांची टोकं. तिथे शिवण जाड झाली की घालणाऱ्याला टोचते आणि बारीक झाली की आठवड्यात उसवते. कारखान्यातली सगळी टोकं तिच्याकडे यायची. बाकीच्या बाया तळवे शिवायच्या, मनगटं शिवायच्या, आणि बोटांवर आलं की तिच्या टेबलावर ढीग टाकून चहाला जायच्या.

तो कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या विक्रीत शिलाई मशीन बघायला एक मॅडम आल्या. या मॅडम एका मोठ्या संशोधन संस्थेत प्रयोगशाळा चालवत. त्यांनी मशीन पाहिलं, मशीनवर बसलेल्या बाईचे हात पाहिले, आणि मशीनबरोबर मशीनवालीलाही घेऊन गेल्या. प्रयोगशाळेत कुणीतरी पहिल्याच दिवशी गमतीने ‘टेलर-मास्तर’ म्हटलं. महिन्याभरात त्यातला टेलर गळून पडला आणि मास्तर तेवढा उरला.

आता हातमोजे शिवणारीचं प्रयोगशाळेत काय काम? तर काम होतं, आणि ते तिच्यावाचून कुणाला जमत नव्हतं. मॅडम बुटात आत घालायचा एक मऊ सोल तयार करत होत्या. सोल सिलिकॉनचा, हाताला लोण्यासारखा लागणारा. त्याच्या पोटात काचेचा एक धागा, इंटरनेटच्या तारेत असतो तसाच, केसाएवढा. त्या धाग्यात आठ ठिकाणी डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा कोरलेल्या. एका टोकातून प्रकाश सोडला की त्या आठही जागा आपापल्या रंगाचा थोडा थोडा प्रकाश परत पाठवतात. धागा कुठे दाबला गेला, ताणला गेला, तापला, की त्या जागेचा रंग अगदी किंचित सरकतो, आणि यंत्र ते सरकणं वाचतं. ज्यांच्या पायांना काही कळत नाही, त्यांच्या वतीने सोलाने कळून घ्यायचं आणि त्यांच्या फोनला सांगायचं, असा सगळा बेत.

पण तो धागा सोलात वळणं घेत बसवायचा म्हणजे दिव्य होतं. मोठ्या मोठ्या पदव्या मिळवलेल्या मंडळींनी चाळीस धागे मोडले. मास्तरने पहिल्या दिवशी दोन मोडले, दुसऱ्या दिवशी एक, आणि पुढची चार वर्षं एकही नाही. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून ती तो अर्धवट घट्ट झालेल्या सिलिकॉनवर टेकवत जायची. कुठे किती दाबायचं, हे तिला विचारलं तर म्हणायची, “बोटांना विचारा. मला त्यातलं काही कळत नाही.”

हे सोल म्हणजे तिच्यासाठी नुसतं नोकरीपुरतं काम नव्हतं. तिचा मोठा भाऊ, दादा, पूर्वी बस चालवायचा. साखरेच्या आजाराने त्याच्या पायांची जाणीव गेली होती, पण हे कुणाच्या, त्याच्याही, नीटसं लक्षात आलं नव्हतं. एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याने बुटात पडलेल्या एका लोखंडी नटावर पाय ठेवून बस चालवली. घरी येऊन मोजा काढला तेव्हा तो लाल झाला होता. जखम चिघळली आणि अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. शुद्धीवर आल्यावर दादा म्हणाला, “चला, नखं कापायला एक कमी.” सगळे हसले. मास्तर हसली नाही. तिने तो पाय पाहिला होता.

आणि आता हे सोल पहिल्यांदा माणसांच्या पायांवर तपासायचे होते. बारा जण निवडले होते, त्यांत दादा एक. महिनाअखेरची तारीख ठरली होती.

पण ही सगळी जुळवाजुळव चालू असतानाच, सहा महिन्यांपूर्वी, मास्तरच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी सकाळी उठल्यावर, मग दुपारीही. मग मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी काहीच येईना. अंगठा आणि शेजारची दोन बोटं दुसऱ्या कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटायला लागली. धागा चिमटीत आहे की निसटला, हे तिला वाकून बघावं लागे. ज्या बोटांच्या जिवावर तिने आयुष्य काढलं, ती तिच्याशी बोलेनाशी झाली होती.

तिला लगेच कळलं, म्हणजे आपल्याला कळलंय असं तिला वाटलं. दादाच्या पायांत शिरलं तेच हे. एकाच आईची लेकरं. त्याला पायांतून धरलं, मला हातांतून. ती घाबरली, आणि घाबरलेलं माणूस जे करतं तेच तिने केलं: कुणालाही सांगितलं नाही. रक्त तपासायला गेली नाही. न तपासलेल्या रक्तात साखर नसते अशी काही तिची समजूत नव्हती, पण वागणं तरी तसंच होतं.

एवढंच करून ती थांबली असती तर ठीक. पण हात शहाणे असले की माणूस नको तिथे युक्त्या काढतं. कागदाच्या दुकानात कारकुनांसाठी रबरी टोप्या मिळतात. बोटांवर चढवायच्या, कागद भराभर उलटता येतात. वर बारीक बारीक फुगीर ठिपके असतात, पकड यावी म्हणून. तिने तीन टोप्या आणल्या, तीन बोटांवर चढवल्या, आणि काय आश्चर्य, धागा घट्ट धरता यायला लागला. धागा बसवायची खोली काचेच्या दारामागे होती. ती दाराकडे पाठ करून बसायची, टोप्या घालायची, काम झालं की काढून एप्रनच्या खिशात टाकायची. आता निभावलं, असं तिला वाटलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात पहिला सोल बिघडला.

प्रयोगशाळेत सिलिकॉनचं काम बघणारा एक चष्मेवाला शास्त्रज्ञ होता. दोन बाटल्यांतले पदार्थ मिसळायचे, त्यातली हवा ओढून काढायची, साच्यात ओतायचं, भट्टीत ठेवायचं, हे त्याचं काम. दिवसभर तो मिश्रणातले बुडबुडे शोधत फिरायचा, म्हणून सगळे त्याला बुडबुडे म्हणत. नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटायचं आणि ते आदराने ‘बुडबुडेसाहेब’ म्हणायचे. या बुडबुडेने सकाळी साचा उघडला तर सोल बाहेरून झकास आणि आतून चिकट. धाग्याभोवतीचं सिलिकॉन घट्टच झालं नव्हतं. धागा आत सैल सरकत होता आणि यंत्रावरचे आकडे पाय न ठेवताच चालायला लागले होते.

दुसरा सोल तसाच. तिसराही. बुडबुडेने भट्टी तपासली, बाटल्या बदलल्या, साचे तीनदा धुतले. फरशी पुसायच्या औषधावर संशय घेऊन सफाईवाल्या काकांना दोन दिवस नुसत्या पाण्याने पुसायला लावलं. काका अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीत. धाग्याशिवाय ओतलं की सिलिकॉन उत्तम घट्ट व्हायचं. धागा घातला की चिकट. म्हणजे धाग्यातच काहीतरी पाणी मुरतंय म्हणून नवीन धागा मागवला. तोही चिकट.

तीन आठवडे गेले, नऊ सोल कचऱ्यात गेले. आता संशय घ्यायला एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मास्तरचे हात, आणि ते कुणी बोलत नव्हतं. उलट सगळे तिच्याशी फार अदबीने वागायला लागले. बुडबुडे, जो एरवी तिच्या डब्यात न विचारता हात घालायचा, तो “मास्तर, आपल्याला वेळ असेल तर” असं बोलायला लागला. तेव्हाच तिचं धाबं दणाणलं.

ती घरी बसून स्वतःच्या बोटांकडे बघायची. तुमच्यामुळेच झालं हे, म्हणायची. मेल्या बोटांनी मी कुठे जास्त दाबलं असेल, कुठे कमी. आणि महिनाअखेरीला दादाच्या पायात सोल जायचा आहे. तिने ठरवलं, मंगळवारी जाऊन मॅडमना सांगायचं, की डोळे साथ देत नाहीत, मला मोकळं करा. डोळ्यांचं निमित्त. बोटांचं नाव काढायचं नाही. बोटांचं एकदा तोंडातून निघालं की ते खरं झालं असतं.

मंगळवारी ती मॅडमच्या खोलीकडे निघाली तेवढ्यात बुडबुडेची हाक आली. “मॅडम! मास्तर! इकडे या, लवकर!”

त्याने चिकट सोल मधोमध चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला होता. शेजारच्या पडद्यावर मोठं चित्र दिसत होतं. धाग्याच्या बाजूने लांबट गोल डाग, एकापुढे एक, आणि प्रत्येक डागात बारीक खळगे.

“हे बघा,” बुडबुडे म्हणाला, “हे ठिपके. सारख्या अंतरावर, ओळीने. आपोआप असं होत नाही. कशाचा तरी ठसा आहे हा. पण साच्यावर असलं काहीच नाही, मी भिंगाने पाहिलंय.”

“जाळीचा असेल?” मॅडम म्हणाल्या.

“जाळी वापरतच नाही आपण.”

दोघं पडद्याला नाक लावून उभे राहिले. मास्तर मागे उभी होती. तिला पडद्याजवळ जायची गरज नव्हती. तिचा हात एप्रनच्या खिशात होता आणि खिशात तेच ठिपके होते.

आता हे लक्षात घ्या, की गप्प बसणं फार सोपं होतं. टोप्या कचऱ्यात टाकायच्या, विषय संपला. डोळ्यांचं कारण सांगून घरी जायचं, आणि हे ठिपके कशाचे याचा शोध बुडबुडेने निवृत्त होईपर्यंत घेत बसायचा. पण महिनाअखेर नऊ दिवसांवर होती आणि दादाचे पाय तिच्या डोळ्यांसमोर होते. तिने खिशातून तीन टोप्या काढल्या आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी मांडल्या.

“यांचे आहेत ते,” ती म्हणाली. “मी घालते. तीन आठवडे झाले.”

बुडबुडेने एक टोपी उचलली, उलटी केली, वास घेतला. आणि मग तो जो ओरडला, की काचेच्या दारापलीकडून सफाईवाले काका धावत आले.

“रबर! मास्तर, अहो रबर आहे हे!” त्याचा चष्मा घसरला. “रबरात गंधक असतं. आपलं सिलिकॉन ज्याच्या जोरावर घट्ट होतं ना, त्याला गंधक चालत नाही. रबर नुसतं टेकलं तरी ते काम टाकून बसतं. म्हणून तर दारावर पाटी लावलीय, रबरी हातमोजे घालून आत येऊ नये!”

“पाटी वाचलीय मी,” मास्तर म्हणाली. “मला वाटलं, स्वच्छतेसाठी आहे. आणि सत्तावीस वर्षं हातमोजे शिवलेत. हे हातमोजे नव्हेत. या टोप्या आहेत.”

बुडबुडे खो खो हसत सुटला. तीन आठवड्यांचं हसू साचलं होतं त्याचं. काकाही हसले, फरशीच्या औषधावरचा डाग धुतला गेला होता, त्यांना हसायचा हक्कच होता. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “पण घातल्यात कशाला?”

झालं. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बोटांना कळत नाही,” ती म्हणाली. “या तीन. धागा धरलाय की नाही, तेच कळत नाही. दादाचं पायांत झालं, माझं हातांत.”

मॅडमनी एक खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि दुसरीवर स्वतः बसल्या. “म्हणजे कळेनासं झालेल्या माणसांसाठी आपण इथे चार वर्षं राबतोय,” त्या म्हणाल्या, “आणि तुम्ही ते आमच्यापासूनच लपवलंत?”

“हो,” मास्तर म्हणाली. “शहाणपणाच ना माझा.”

मॅडमना राग आला होता, पण तो कुठल्या खात्यात टाकावा हे त्यांना कळेना. शेवटी त्या उठल्या आणि कपाटातून पेनाएवढा एक दिवा घेऊन आल्या. तो काचेच्या धाग्याच्या टोकाला लावला की धाग्यातून लाल प्रकाश धावतो. धागा नीट बसला असेल तर बाहेर काही दिसत नाही. कुठे जास्त वाकला, जास्त दाबला गेला, की तिथून लाल उजेड सांडतो. “आज बोटांना विचारू नका,” मॅडम म्हणाल्या. “डोळ्यांना विचारा.”

मास्तरने हात साबणाने तीनदा धुतले आणि उघड्या बोटांनी एक धागा बसवला. एरवी वीस मिनिटांचं काम, दोन तास लागले. पाच ठिकाणी लाल सांडलं, पाचही ठिकाणी तिने उचलून परत टेकवलं. बुडबुडेने वरचा थर ओतला. शेजारच्या साच्यात साधं सिलिकॉन ओतून त्यात मधोमध एक रबरी टोपी खोचून ठेवली, आरोपीला पिंजऱ्यात उभं करावं तशी.

बुधवारी सकाळी दोन्ही साचे उघडले. टोपीभोवती चिकट घाण. आणि मास्तरचा सोल, आतून-बाहेरून सुका, घट्ट, गुळगुळीत. बुडबुडेने तो जमिनीवर ठेवून त्यावर पाय दिला. आठही जागांचे आकडे हलले. पाय उचलला, आठही आकडे जागच्या जागी परत आले. मॅडमनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद उडाला. आता महिनाअखेरची तारीख पुढे ढकलावी लागणार नव्हती.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, मास्तरचा अर्धाच पडला. सोल चिकटायचे ते टोप्यांमुळे, हे ठीक. पण टोप्या ज्या बोटांमुळे आल्या, ती बोटं तशीच होती. मॅडमना ते दिसलं असावं. त्यांनी तिला दंडाला धरलं आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात पायांच्या डॉक्टरांकडे नेलं. सोलाच्या तपासणीत हेच डॉक्टर होते.

डॉक्टरांनी आधी बोट टोचून रक्ताचा थेंब घेतला. मग म्हणाले, “डोळे मिटा. नायलॉनचा एक धागा मी ठिकठिकाणी टेकवणार आहे. लागला की ‘हो’ म्हणा.”

ही परीक्षा तिला माहीत होती. दादाची याच खोलीत झाली होती. तो डोळे मिटून, ओठांवर हसू ठेवून बसला होता, आणि डॉक्टर त्याच्या तळव्यांना धागा टेकवत होते, एकदा, दोनदा, नऊदा. मग दादाने विचारलं होतं, “सुरू कधी करताय, डॉक्टर?” तिने त्या वेळी खिडकीकडे तोंड वळवलं होतं.

आता ती स्वतः डोळे मिटून बसली. अनवाणी पाय चौरंगावर, हात मांडीवर. काही कळेना. ती वाट बघत राहिली. कुठे काही लागलं नाही. सुरू झालं असणार, तिला वाटलं, केव्हाच सुरू झालं असणार, आणि मला कळत नाहीये. शेवटी तिला राहवलं नाही.

“डॉक्टर,” ती म्हणाली, “सुरू केलंत का हो?”

“अहो, कुठे! माझा चष्माच सापडत नाहीये,” डॉक्टर म्हणाले.

मॅडमनी तो त्यांच्याच डोक्यावरून काढून दिला. आणि पुढच्याच क्षणी मास्तरच्या डाव्या तळव्याला माशी बसावी तसं काहीतरी लागलं.

“हो!” ती म्हणाली. मग टाचेला. “हो.” करंगळीला, अंगठ्याला. “हो. हो.” दुसऱ्या पायाला. “हो! अहो, हो!” ती इतक्या जोरात म्हणायला लागली, की बाहेरच्या बाकावरचे रोगी दाराकडे बघायला लागले. पाय संपले, हात सुरू झाले. डावा हात, सगळा. उजवी करंगळी, लख्ख. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं तेवढी पुसट, पण पाचात दोनदा तिथेही ‘हो’.

डॉक्टरांनी तिचं उजवं मनगट आतल्या बाजूने टिचकीने वाजवलं. बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या आणि ती “आई गं” म्हणून ओरडली.

“हे बघा,” डॉक्टर म्हणाले, “साखर तुमची माझ्यापेक्षा चांगली आहे. ही तुमच्या दादांची गोष्टच नव्हे. मनगटात एक नस असते, ती याच बोटांची खबर नेते. सत्तावीस वर्षं कात्री आणि सुई चालवलीत, तिथे ती आवळली गेलीय. रात्री पट्टा बांधून झोपा. नाहीच ऐकलं तर छोटंसं ऑपरेशन. बोटं बहुतेक पूर्वीसारखी होतील.”

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे धागा धरता येईल. भांडणात बोट दाखवता येईल की नाही, ते मात्र आत्ताच सांगत नाही.”

ती रडली. अगदी मनसोक्त, नाक पुसत, मॅडमच्या रुमालात. सहा महिने उराशी धरलेली भीती एका टिचकीत उतरली होती आणि उतरताना तिने आवाज करायचा तेवढा केला.

संध्याकाळी ती मनगटाला पट्टा बांधून दादाकडे गेली. दादा खिडकीशी बसून रोजच्यासारखे पाय आरशात तपासत होता. तिने त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. मुंग्या, टोप्या, नऊ सोल, डॉक्टरांचा चष्मा. तो कुठेतरी मध्येच काहीतरी विनोद करील म्हणून ती थांबत थांबत सांगत होती. त्याने एकही केला नाही.

“साखर नाही म्हणाले?” त्याने विचारलं.

“नाही.”

“नक्की? कागद दिलाय?”

तिने कागद दिला. त्याने चष्मा लावून तो दोनदा वाचला, घडी घातली, परत उघडून वाचला.

“छोटे,” तो म्हणाला, “सहा महिने झाले, तू माझ्याकडे येतेस आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरतेस. मी बघत होतो.”

“मग विचारलं का नाहीस?”

“विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस.”

एवढं बोलून त्याने तिचा उजवा हात पट्ट्यासकट आपल्या हातात घेतला आणि अंगठा, मग पहिलं बोट, मग दुसरं, एकेक करून दाबत विचारत राहिला, “इथे कळतंय? आणि इथे?”